रॅलीच्या इंजिनाचा श्वास कोंडतो आहे

विशेष प्रतिनिधी

जागतिक रॅलीने टर्बो इंजिन केव्हाच स्वीकारले. रस्त्यावरील गाड्याही आता छोट्या टर्बो इंजिनांकडे वळल्या आहेत. भारतीय रॅलीची घडण मात्र प्रामुख्याने साध्या, बिनटर्बो इंजिनांवर झाली आणि अशी इंजिने पुरवणाऱ्या गाड्या एकामागून एक बाजारातून बाहेर पडत आहेत. हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. हा खेळ यापुढे कोणाला परवडणार, याचा तो प्रश्न आहे.

फोक्सवॅगनने २०२२ मध्ये भारतातील पोलोचे उत्पादन थांबवले, तेव्हा वृत्तपत्रांतून आणि वाहनप्रेमींच्या गप्पांतून तिला भावपूर्ण निरोप देण्यात आला. त्याआधी २०१९ मध्ये मारुतीने जिप्सीची सर्वसामान्य ग्राहकांसाठीची विक्री बंद केली होती. दरम्यान, बीएस-६ मानके लागू झाली आणि एप्रिल २०२० मध्ये व्हेंटोमधील १.६ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन जाऊन त्याच्या जागी एक लिटरचे टर्बो इंजिन आले. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने या तीन स्वतंत्र घटना होत्या. रॅलीशी संबंधित माणसांना मात्र त्यांत एक समान धागा दिसला. ज्या इंजिनांवर देशातील रॅलीपटूंच्या दोन पिढ्या घडल्या, ती इंजिने आता नवी मिळणार नव्हती.

भारतात राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धा १९८८ पासून होते आहे. तिच्या इतिहासावर नुसती नजर टाकली, तरी जिप्सी, एस्टीम, बलेनो, होंडा सिटी, मित्सुबिशी सिडिया आणि १.६ लिटरची पोलो ही नावे पुन्हा पुन्हा भेटतात. चंदीगडच्या हरी सिंग यांच्यासारख्या पाच वेळच्या राष्ट्रीय विजेत्याचे नाव तर जिप्सीशी कायमचे जोडले गेले. या सगळ्या गाड्यांत एक साम्य होते. त्या शोरूममध्ये मिळत, त्यांचे सुटे भाग गल्लीतल्या दुकानात मिळत आणि त्यांच्या इंजिनात टर्बो नसे. अधिक ताकद हवी असेल तर ती फिटर, लेथ आणि घड्याळाकडे न पाहणारा एखादा मिस्त्री यांच्याच बळावर काढावी लागे.

जग कुठे गेले?

बिनटर्बो इंजिनाची पीछेहाट आजची नाही. १९७९ मध्ये ब्यॉर्न वाल्डेगार्ड यांनी जागतिक अजिंक्यपद मिळवले, ते फोर्ड एस्कॉर्टच्या प्रसिद्ध बीडीए इंजिनाच्या जोरावर. १९८२ मध्ये वॉल्टर रोर्ल यांनी ओपेल अस्कोना ४०० या मागच्या चाकांवर चालणाऱ्या, बिनटर्बो गाडीतून चारही चाकांना शक्ती देणाऱ्या टर्बो ऑडी क्वात्रोला मागे टाकून विजेतेपद पटकावले. त्या जुन्या पद्धतीचा तो अखेरचा मोठा विजय ठरला. त्यानंतरच्या काळात टर्बो आणि चारचाकी शक्ती ही जोडी जवळजवळ अजिंक्य झाली.

तरीही नियमांनी थोडी जागा दिली की बिनटर्बो इंजिन पुन्हा डोके वर काढी. १९९९ मध्ये फिलिप बुगाल्स्की यांनी दोन लिटरच्या सिट्रोएन झारा किट कारमधून कॅटलोनिया आणि कॉर्सिका या दोन्ही डांबरी रॅली जिंकल्या. त्या गाडीला शक्ती मिळे ती केवळ पुढच्या दोन चाकांना आणि मागे पडलेल्यांत मोठ्या कंपन्यांच्या टर्बो गाड्या होत्या. २००१ मध्ये सेबास्तियाँ लोएब यांनी १.६ लिटरच्या सॅक्सोमधून सुपर १६०० गटाचे विजेतेपद मिळवले आणि पुढे या खेळातील अनेक विक्रम आपल्या नावावर केले. आपल्या गौरव गिल यांनी २०१३ मध्ये आशिया पॅसिफिक रॅली अजिंक्यपद जिंकले, ते स्कोडा फाबिया सुपर २००० या दोन लिटरच्या बिनटर्बो गाडीतून. पुढे २०१६ आणि २०१७ मध्ये तेच विजेतेपद त्यांनी पुन्हा मिळवले, तेव्हा गाडी फाबियाच होती, पण इंजिन १.६ लिटर टर्बो होते. एका खेळाडूच्या कारकिर्दीतच हे स्थित्यंतर पूर्ण झाले.

आज आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमावलीत रॅली-१ पासून रॅली-५ पर्यंत पाच पायऱ्या आहेत. वरच्या तीन पायऱ्यांवर टर्बोच आहे. खालच्या पायऱ्यांवर बिनटर्बो इंजिनाला कागदोपत्री परवानगी आहे. रॅली-४ गटात टर्बो इंजिन १३३३ घन सेंटिमीटरपर्यंत, तर बिनटर्बो इंजिन दीडपट मोठे, म्हणजे २००० घन सेंटिमीटरपर्यंत चालते. प्रत्यक्षात कंपन्या नव्या गाड्या टर्बोच्याच आणतात, कारण त्यांच्या रस्त्यावरच्या गाड्यांत तीच इंजिने असतात. सर्वोच्च पायरीवरची हायब्रिड यंत्रणा २०२५ च्या हंगामापासून काढून टाकण्यात आली आणि २०२७ पासूनच्या नव्या नियमांत गाडीची किंमत ३ लाख ४५ हजार युरोंच्या आत ठेवण्याचे बंधन घालण्यात आले. खर्चाचा प्रश्न तेथेही ऐरणीवर आहे, याची ही कबुलीच होय.

हवेचा हिशेब

टर्बो आणि बिनटर्बो यांतील फरक समजून घेतल्याशिवाय हा खर्चाचा प्रश्न नीट कळणार नाही. इंजिनाची ताकद पेट्रोलवर अवलंबून असते, असा आपला समज असतो. वस्तुतः ती हवेवर अवलंबून असते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते, ते जाळायला प्राणवायू मात्र मोजकाच मिळतो. १.६ लिटरचे इंजिन दर दोन फेऱ्यांत जास्तीत जास्त आपल्या आकारमानाएवढी हवा ओढते. मिनिटाला ६ हजार फेऱ्यांना हा हिशेब ४८०० लिटरचा होतो, ८ हजार फेऱ्यांना ६४०० लिटरचा. टर्बो बाहेरून हवा दाबून भरतो. बिनटर्बो इंजिनाला वातावरणाचा दाब जेवढी हवा आत ढकलील तेवढ्यावरच भागवावे लागते.

याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. भारतात मिळणाऱ्या व्हेंटोचे १.६ लिटरचे साधे इंजिन १०५ अश्वशक्ती आणि १५३ न्यूटन मीटर टॉर्क देई. प्यूजो २०८ आर-२ या रॅलीसाठी घडवलेल्या गाडीचे तेवढ्याच आकाराचे इंजिन ७८०० फेऱ्यांना १८५ अश्वशक्ती आणि ६३०० फेऱ्यांना १९० न्यूटन मीटर टॉर्क देते. इंजिने दोन वेगळ्या कंपन्यांची आहेत, पण तुलना बोलकी आहे. टॉर्क सुमारे चोवीस टक्क्यांनी वाढला, शक्ती पाऊणपट वाढली. म्हणजे हवा भरण्यातली सुधारणा एका मर्यादेपर्यंतच जाते. उरलेली सारी शक्ती इंजिन अधिक वेगाने फिरवून मिळवावी लागते. याउलट, याच गाडीच्या नंतरच्या रॅली-४ आवृत्तीत १.२ लिटरचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन आले. ते ५४५० फेऱ्यांनाच २०८ अश्वशक्ती आणि ३००० फेऱ्यांना २९० न्यूटन मीटर टॉर्क देते. लहान इंजिन, कमी फेऱ्या आणि तरीही जास्त बळ! टर्बो का जिंकला, हे सांगायला आणखी पुराव्याची गरज नाही.

मग बिनटर्बोचा आग्रह कशासाठी? तो समजण्यासाठी हे इंजिन घडते कसे, ते पाहावे लागेल.

घडण मोजमापाची

फेऱ्या वाढवणे ऐकायला सोपे वाटते. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि त्यांचे बोल्ट यांच्यावर येणारा जडत्वाचा ताण मात्र फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६५०० फेऱ्यांचे इंजिन ८५०० पर्यंत नेले, तर फेऱ्या तीस टक्क्यांच्या आसपास वाढतात आणि ताण सत्तर टक्क्यांनी. म्हणूनच रॅलीच्या इंजिनाचे काम ताकद वाढवण्यापासून नव्हे, तर ते टिकवण्यापासून सुरू होते. ब्लॉक पूर्ण उघडून प्रत्येक सिलिंडरचा घेर, गोलाई आणि उतार मोजला जातो. होनिंग करताना वर जाड पट्टी बोल्टने आवळली जाते, कारण हेड आवळल्यावर सिलिंडर किंचित वाकडा होतो आणि त्या वाकड्या अवस्थेतच तो गोल असावा लागतो. फोर्ज केलेले पिस्टन आणि रॉड घातले जातात. चारही पिस्टनांचे वजन जुळवले जाते, क्रँक समतोल केला जातो, बेअरिंगमधील फट मायक्रोमीटरने तपासली जाते. वळणावर तेल एका बाजूला सरकून पंप कोरडा पडू नये, म्हणून तेलाच्या टाकीत आडव्या भिंती बसवतात.

येथे इंजिनाचा मूळ आराखडाही महत्त्वाचा ठरतो. व्हेंटोच्या १.६ लिटर इंजिनाचा बोअर ७६.५ आणि स्ट्रोक ८६.९ मिलिमीटर. ८ हजार फेऱ्यांना त्याच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २३ मीटरच्या वर जातो. जिप्सी आणि एस्टीममधील १.३ लिटर इंजिनाचा बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर. तेवढ्याच फेऱ्यांना त्याचा पिस्टन सेकंदाला सुमारे २० मीटरनेच धावतो. हे छोटे सुझुकी इंजिन मिस्त्रींच्या इतके आवडीचे का होते, त्याचे उत्तर या तीन मीटरांत आहे. ते फिरायला तयार असे आणि सहसा तुटत नसे.

त्यानंतर हेडचे काम. हवेचा मार्ग घासून मोठा करणे म्हणजे पोर्टिंग, असा सर्वसाधारण समज आहे. जाणकार मिस्त्री आधी व्हॉल्व्हच्या बैठकीकडे आणि तिच्या लगतच्या वळणाकडे पाहतो. मार्ग गरजेपेक्षा मोठा केला तर हवेचा वेग मंदावतो आणि खालच्या फेऱ्यांना इंजिन मरगळते. कॅमशाफ्टचेही तसेच. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम वरच्या फेऱ्यांना भरपूर हवा देतो, पण खालच्या फेऱ्यांना आत आलेली हवा उलट बाहेर ढकलली जाते. ते नुकसान भरून काढण्यासाठी कॉम्प्रेशन वाढवावे लागते. कॉम्प्रेशन वाढवले की पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांतील अंतर कमी होते. ते तपासायला अनेक कार्यशाळांत अजूनही पिस्टनवर मऊ माती ठेवून इंजिन हाताने फिरवले जाते आणि दबलेल्या मातीची जाडी मोजली जाते. एक भाग बदलला की बाकीचे चार भाग बदलावे लागतात, ही बिनटर्बो इंजिनाची खरी शिकवण होय. टर्बो इंजिनात संगणकावरून दाब वाढवून पहिली वीस-तीस अश्वशक्ती मिळवता येते. येथे तसा जवळचा रस्ता नाही.

आकडा मोठा, वेळ कमी

इंजिन घडवणे ही अर्धी गोष्ट झाली. ते रॅलीसाठी लावणे, ज्याला ट्यूनिंग म्हणतात, ही उरलेली अर्धी. डायनोच्या पडद्यावर दिसणारा सर्वोच्च आकडा हा या व्यवसायातला सर्वांत मोठा मोह आहे. सर्किटवरच्या शर्यतीत वळणे ठरलेली असतात, चालक इंजिनाला वरच्या फेऱ्यांत ठेवू शकतो. रॅलीच्या मातीच्या टप्प्यावर सहचालकाने वाचलेल्या नोंदींवर भरवसा ठेवून, घसरत्या गाडीतून, कधी दुसऱ्या तर कधी तिसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडावे लागते. तेथे सर्वोच्च शक्तीपेक्षा ४ हजार ते ७ हजार फेऱ्यांमधील सलग टॉर्क मोलाचा ठरतो. म्हणून अनुभवी ट्यूनर किंचित सौम्य कॅम निवडतो, चार नळ्या आधी दोन आणि मग एक करणारा एक्झॉस्ट बसवतो, इनटेकच्या नळीची लांबी मधल्या फेऱ्यांना साथ देईल अशी ठेवतो आणि वाचलेले पैसे गिअरच्या जवळजवळच्या प्रमाणांवर व डिफरन्शियलवर खर्च करतो. दहा अश्वशक्ती कमी असलेली गाडी टप्पा आधी संपवते, असे रॅलीत वारंवार घडते.

आपल्या हवामानाचीही त्यात भर असते. तापमान १५ अंशांवरून ४० अंशांवर गेले की हवेची घनता सुमारे आठ टक्क्यांनी घटते. उंचीचा फटका याहून मोठा. समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवरील चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत दहा टक्क्यांच्या आसपास हवा कमी मिळते. हिमालयातील ५ हजार मीटर उंचीच्या खिंडीत वातावरणाचा दाब जवळजवळ निम्मा होतो आणि बिनटर्बो इंजिनाची ताकदही तशीच निम्म्यावर येते. टर्बोला यातले बरेचसे भरून काढता येते. बिनटर्बोला येत नाही. त्यातच आपल्याकडची धूळ. फिल्टर बारीक ठेवला तर हवा अडते, मोकळा ठेवला तर एका हंगामात पिस्टनच्या रिंगा झिजतात. चांगला मिस्त्री दर रॅलीनंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती गळते ते पाहतो. ती नोंदवही हीच इंजिनाची खरी कुंडली असते.

आता या हिशेबात इंधनाचाही नवा घटक आला आहे. देशभर २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल पोहोचले. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, ई-२० ला सुमारे साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी सुमारे आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. जुन्या नकाशावर चालणाऱ्या ईसीयूला हा बदल कळला नाही, तर पूर्ण भारावर मिश्रण कोरडे पडते, तापमान चढते आणि पिस्टन वितळण्यापर्यंत वेळ येते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व गॅस्केट यांचीही तपासणी करावी लागते. परंतु या नाण्याला दुसरी बाजू आहे. ई-२० चे ऑक्टेन ९५ च्या घरात आहे. जुने साधे पेट्रोल ९१ चे होते. इथेनॉल बाष्प होताना आतील हवा थंडही करते. ज्याला आपले काम कळते, तो ट्यूनर थोडे अधिक कॉम्प्रेशन आणि थोडी पुढची ठिणगी वापरून यातूनच फायदा काढू शकतो. सरकारी धोरणामुळे बिनटर्बो इंजिनाला मिळालेली ही बहुधा एकमेव भेट म्हणावी लागेल.

करांनी आखलेली रेघ

एकमेव म्हणायचे कारण, बाकी धोरणांनी या इंजिनाची वाट अरुंदच केली आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला गेला. छोटी गाडी म्हणजे चार मीटरपेक्षा कमी लांबीची आणि पेट्रोल इंजिन १२०० घन सेंटिमीटरच्या आत असलेली, अशी व्याख्या ठरली. वस्तू व सेवा कर आला तरी ही रेघ पुसली गेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या रचनेतही या रेघेच्या आतील गाडीला १८ टक्के आणि बाहेरच्या गाडीला ४० टक्के कर आहे. पोलोसारख्या छोट्या गाडीत १.६ लिटरचे इंजिन घालणे हा, त्यामुळे, कंपनीच्या दृष्टीने आतबट्ट्याचा व्यवहार ठरला. त्यातच २०१७ पासून इंधनक्षमतेची कॅफे मानके लागू झाली. कंपनीच्या सर्व गाड्यांचे सरासरी उत्सर्जन मोजले जाऊ लागले आणि मोठ्या, वेगाने फिरणाऱ्या साध्या इंजिनाला कुणी वाली उरला नाही.

यात कुणाचा दुष्ट हेतू नाही, हे मान्य केले पाहिजे. शहरांच्या हवेचा आणि तेलाच्या आयातीचा प्रश्न रॅलीपेक्षा कितीतरी मोठा आहे. परंतु धोरणाचे परिणाम त्याच्या हेतूच्या बाहेरही पसरतात. २०२४ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या स्विफ्टचे उदाहरण घ्या. तिच्यात चार सिलिंडरऐवजी तीन सिलिंडरचे १.२ लिटर इंजिन आले आणि ताकद ९० वरून ८२ अश्वशक्तीवर उतरली. ग्राहकाला चांगले मायलेज मिळाले. ज्या गाडीवर देशातील सर्वाधिक नवोदितांनी हात साफ केला, तिचे इंजिन मात्र रॅलीच्या दृष्टीने एक पाऊल मागे गेले. होंडा सिटीचा अपवाद. २०२० मध्ये आलेल्या तिच्या पाचव्या पिढीत १.५ लिटरचे बिनटर्बो इंजिन १२१ अश्वशक्ती देते. पण तिचा स्ट्रोक ८९.५ मिलिमीटर आहे. ८ हजार फेऱ्यांना पिस्टनचा वेग सेकंदाला २४ मीटरला टेकतो. म्हणजे रॉड, पिस्टन, बोल्ट असे सारे बदलल्याशिवाय तिला मोकळे सोडता येत नाही.

पर्याय कोणते?

या परिस्थितीत भारतीय मोटार क्रीडा महासंघापुढे ढोबळमानाने तीन वाटा दिसतात. पहिली वाट म्हणजे जुन्या गाड्यांचे आयुष्य वाढवणे. पोलो, जिप्सी, जुनी सिटी यांना आणखी काही वर्षे मुभा द्यायची. ही वाट स्वस्त आहे, पण तिला शेवट आहे. ब्लॉक आणि हेड भंगारातून शोधावे लागतात आणि दरवर्षी ते दुर्मिळ होतात. इंग्लंड आणि आयर्लंडमध्ये पन्नास वर्षांपूर्वीच्या एस्कॉर्ट आजही धावतात, प्रेक्षक त्यांच्यासाठीच गर्दी करतात, हे खरे. परंतु त्यांतील अव्वल गाड्यांत मूळ इंजिन नसते. मिलिंग्टनसारख्या छोट्या कारखान्यांनी खास घडवलेली, अडीच लिटरची, तीनशेहून अधिक अश्वशक्तीची अॅल्युमिनियमची इंजिने त्यांत असतात. तो श्रीमंतांचा छंद झाला आहे. नवोदितांची शाळा म्हणून त्याकडे पाहता येत नाही.

दुसरी वाट म्हणजे आंतरराष्ट्रीय पायऱ्या जशाच्या तशा स्वीकारणे. तयार रॅली-४ किंवा रॅली-३ गाड्या परदेशातून आणायच्या. वेग, सुरक्षितता, आंतरराष्ट्रीय तुलना या सर्व बाबतींत ही वाट उत्तम. पण अशा गाडीची किंमत, आयात शुल्क, सीलबंद इंजिनाची दुरुस्ती आणि परदेशी सुट्या भागांची प्रतीक्षा हे सगळे पेलणारे स्पर्धक देशात मूठभर आहेत. शिवाय अशा गाडीचे इंजिन उघडण्याची परवानगीच बहुधा नसते. आपला मिस्त्री चाके आणि शॉक अॅब्सॉर्बर बदलणारा मदतनीस होऊन जाईल.

तिसरी वाट म्हणजे आज बाजारात असलेल्या १.२ आणि १.५ लिटरच्या साध्या इंजिनांवर एक देशी गट उभा करणे आणि त्याच्या नियमांची रेघ विचारपूर्वक ओढणे. आमच्या मते खरी मेख येथेच आहे. बिनटर्बो इंजिनातील पहिली वीस अश्वशक्ती नीट होनिंग, नीट व्हॉल्व्ह-बैठक, चांगला एक्झॉस्ट आणि अचूक नकाशा यांतून मिळते. तीत खर्चापेक्षा कसब अधिक लागते. पुढची वीस कॅम, पिस्टन आणि रॉड यांतून मिळते. तीत कसब आणि पैसा समसमान. शेवटची दहा मात्र हलक्या टायटॅनियमच्या व्हॉल्व्हमधून, प्रत्येक सिलिंडरच्या स्वतंत्र थ्रॉटलमधून आणि दर दोन रॅलींना इंजिन नव्याने बांधण्यातून मिळते. तीत केवळ पैसा लागतो. नियमांची रेघ दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांमध्ये ओढली पाहिजे. फेऱ्यांची कमाल मर्यादा, कॅमच्या उचलीची मर्यादा, मूळ थ्रॉटलची सक्ती आणि हंगामात एका गाडीला ठरावीक सीलबंद इंजिने, एवढ्या चार कलमांनी ते साधते. जागतिक पातळीवर सुपर २००० गाड्यांना ८५०० फेऱ्यांची मर्यादा होती, तिच्यामागे हाच विचार होता. याउलट सुपर १६०० गटाची इंजिने ९ हजारांच्या घरात फिरू लागली, छोट्या गाड्यांचा खर्च मोठ्या गाड्यांएवढा झाला आणि तो गट मावळला. हा धडा आपल्याला फुकटात उपलब्ध आहे.

या वाटेवर धोके नाहीत असे नव्हे. तीन सिलिंडरच्या इंजिनांचा कंप, त्यांच्या लहान हेडची मर्यादा, कुलूपबंद ईसीयू या अडचणी खऱ्या आहेत. नवी गाडी पोलोएवढी वेगवान नसेल. प्रायोजकांना वेग हवा असतो, हेही खरे. पण रॅलीचा मूळ गाभा वेगाचा आकडा नसून, अनोळखी रस्त्यावर आपले वाहन आणि आपला निर्णय यांची परीक्षा हा आहे. नव्वद-शंभर अश्वशक्तीच्या गाडीत वळणावर गमावलेला वेग परत मिळत नाही. म्हणून तीत शिकलेला चालक तो गमावतच नाही. लोएब सॅक्सोतून आले, हा योगायोग नव्हता.

महाराष्ट्राचा संबंध

नाशिकच्या परिसरात झालेल्या रॅली ऑफ महाराष्ट्रमुळे आपल्या राज्याला या खेळाची ओळख आहे. तरीही इंजिन घडवणाऱ्यांची राजधानी म्हणून देशात नाव घेतले जाते ते कोइमतूरचे. त्याच गावच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या साध्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही शर्यतीची गाडी उभी केली. हाताशी असलेल्या इंजिनातून एका पिढीला शर्यत शिकवली. वास्तविक साधनांचा विचार केला तर पुणे आणि कोल्हापूर कोइमतूरपेक्षा कुठेही उणे नाहीत. कोल्हापुरात ओतकामाचे कारखाने आहेत, चाकण आणि पिंपरीच्या पट्ट्यात मशीनिंगची सारी सोय आहे, पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयांची तर गणतीच नाही. दरवर्षी त्यांतून बाहेर पडणारे हजारो विद्यार्थी पडद्यावर इंजिनाचे आराखडे काढतात. बेअरिंगची फट स्वतःच्या हाताने मोजण्याची संधी त्यांतल्या किती जणांना मिळते? देशी, स्वस्त, बिनटर्बो गट उभा राहिला, तर ती संधी मिळेल. सीलबंद परदेशी इंजिन ती कधीच देणार नाही.

विजेवरच्या गाड्यांच्या जमान्यात हा सगळा खटाटोप कशाला, असेही विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. कदाचित वीस वर्षांनी रॅलीतून इंजिनाचा आवाजच नाहीसा होईल. परंतु घट्ट मोजमाप, उष्णतेचा विचार, एक भाग बदलला की बाकीच्यांवर होणाऱ्या परिणामाची जाण आणि तुटलेल्या वस्तूकडून शिकण्याची सवय या गोष्टी मोटारीलाही लागतात आणि बॅटरीलाही. त्या पुस्तकातून येत नाहीत. रात्री दोन वाजता, सकाळच्या टप्प्याआधी, हेड उघडून बसलेल्या माणसाकडूनच त्या शिकाव्या लागतात.

पोलो गेली, जिप्सी गेली, त्यांच्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. कंपन्या आपल्या नफ्यासाठी गाड्या काढतात आणि बंद करतात. खेळाचे नियम मात्र आपल्या हातात आहेत. ते पैशाच्या बाजूने लिहायचे की कसबाच्या, एवढेच आता ठरवायचे आहे. हंगामागून हंगाम ते पुढे ढकलले, तर निर्णय आपल्यासाठी बाजारच घेईल. तेव्हा तक्रार करायला सर्व्हिस पार्कमध्ये फारसे कुणी उरलेले नसेल.